प्रगती चोरमलेचा डावा हात

वडगाव रासाईच्या चोरमल्यांची प्रगती पिस्तूल चालवते ही बातमी गावात पहिल्यांदा फुटली, तेव्हा त्या बातमीची पार रया गेली. पारावर ती पोलिसात भरती झाली. पिठाच्या गिरणीत तिनं कॉलेजातल्या कुणा पोराला धमकावलं. न्हावऱ्याच्या बाजारात बातमी पोचली तोवर चोरमल्यांच्या घराची झडतीसुद्धा होऊन गेली होती. खरी गोष्ट एवढीच होती की दौंडला एका पत्र्याच्या शेडमध्ये ती दहा मीटरवर लावलेल्या कागदाच्या मधोमध छर्रा मारायला शिकत होती. छर्रा म्हणाल तर ज्वारीच्या दाण्याएवढा.

चोरमल्यांच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. भीमेचं पाणी शेतात आलं तशी मेंढरं गेली आणि ऊस, कांदा आणि दोन जर्सी गाई आल्या. प्रगतीचा बाप बिरदेव कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. तिन्ही पाळ्या फिरून फिरून करायचा आणि सुटीच्या दिवशी गावातल्या बिरोबाची पूजा बघायचा. कंपनीत शिफ्ट सुटायच्या आधीच हात धुवायला पळणारा हा माणूस देवळात मात्र घड्याळाकडं बघत नसे. देवाला भंडारा उजव्या हातानं, घास उजव्या हातानं, पाहुण्याला पाण्याचा तांब्या उजव्या हातानं. डावा हात कशासाठी असतो ते सगळ्यांनाच माहीत आहे, असं त्याचं म्हणणं.

आणि अशा माणसाच्या पोटी पहिली लेक आली ती डावरी. घास डाव्या हातानं उचलायची, देवापुढं डावा हात पसरायची. बिरदेवनं तिला कधी चापट मारली नाही, तो तसला बाप नव्हताच. पण जेवायला बसलं की आपल्या उपरण्यानं तिचा डावा हात तिच्या कमरेशी बांधायचा, गाठ सैल ठेवायचा आणि पहिला घास स्वतः भरवायचा. पोर रडायची, कालवण फ्रॉकवर सांडायची. आई कुशाबाई चुलीकडं तोंड करून बसायची. शाळेत जाईतोवर प्रगती उजव्या हातानं जेवायला लागली, लिहायलाही लागली. खोड मोडली म्हणून बिरदेव निश्चिंत झाला. कुणी बघत नसलं की तोच हात कांदा कापायचा, चिंचेवर दगड मारायचा, गाईच्या गळ्याचं दावं सोडायचा. पण त्याची नोंद कुणी घेतली नाही, आणि पुढं पुढं प्रगती स्वतःच विसरून गेली.

दौंडला कॉलेजात एनसीसी घेतली तेव्हा तिचा नेम बघून कुणीतरी तिला गोकुळ लडकतांकडं धाडलं. लडकत सर राखीव पोलीस दलात हत्यारं शिकवून रिटायर झालेले. जात माळ्याची, त्यामुळं शेताच्या अर्ध्या तुकड्यात झेंडू आणि उरलेल्यात ही शेड. बोलणं तोफेसारखं आणि मन त्यांच्या झेंडूसारखं, असं पोरं त्यांच्या माघारी म्हणायची.

प्रगती पहिल्यांदा गेली तो दिवस नेमका खंडेनवमीचा. पाटावर लाल फडक्यावर पिस्तुलं मांडलेली, त्यांना शेतातल्याच झेंडूच्या माळा, हळदकुंकू वाहिलेलं. सर म्हणाले, "नमस्कार कर आन् उचल." आता पूजेतली वस्तू कुठल्या हातानं उचलायची हे बिरदेव चोरमल्याच्या लेकीला कुणी सांगायला हवं होतं का? तिनं वाकून नमस्कार केला आणि उजव्या हातानं पिस्तूल उचललं. सरांनी तिची मूठ बसवली, पाय सरळ केले, डावा हात खिशात घालायला लावला. पिस्तुलाच्या खेळात मोकळा हात खिशातच ठेवायचा असतो, म्हणजे तो मध्ये लुडबुड करत नाही. डावा डोळा मात्र सारखा मध्ये यायला लागला, तर सरांनी नेमबाजीच्या चष्म्याच्या त्या बाजूला काळी पट्टी चिकटवली. झालं. प्रगती उजव्या हाताची नेमबाज झाली.

अशी सहा वर्षं गेली. बिरदेवची फर्स्ट शिफ्ट असली की तो तिला मोटारसायकलवर बसवून दौंडच्या चौकात सोडायचा आणि पुढं कुरकुंभला जायचा. इतर दिवशी एसटी होतीच. रस्त्यात तो खेळाबद्दल एक शब्द विचारायचा नाही, पण हिवाळ्यात ती मागं कुडकुडते म्हणून कंपनीचं जाड जॅकेट तिच्या अंगावर टाकायचा. तिनं जिल्ह्यात सोनं घेतलं, विद्यापीठाकडून खेळली, राज्यात दोनदा पदक आणलं. गावानं फ्लेक्स लावला आणि त्यावर तिच्यापेक्षा मोठा फोटो सरपंचांचा छापला. आणि मग ती जी अडकली ती अडकलीच. साठ छर्ऱ्यांचा डाव सहाशे गुणांचा असतो. तिचा आकडा पाचशे साठला आला की तिथंच बसकण मारायचा. राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ निवडतात, त्यात दर साली तिचं नाव थोडक्यात राहायचं. डाव संपला की डोकं ठणकायचं. सरांनी प्राणायाम लावला, खाणं बदललं, चष्मा बदलला. काही फरक पडला नाही. दोष आपल्या मनाचाच आहे, आपण भित्र्या आहोत, असं तिला पक्कं वाटायला लागलं होतं आणि ते ती कुणाला सांगत नव्हती.

अशात न्हावऱ्याचं एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. धाकटी मोनिका पाठीवर उभी. बिरदेवनं एका संध्याकाळी विषय काढला.

"एक वरीस द्या आप्पा," प्रगती म्हणाली.

"दरसाल तू एकच वरीस मागतीस," बिरदेव म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "मी कवा न्हाई म्हनलं? पर ह्याला शेवट हाय का न्हाई?"

तिला राग आला, आणि रागाच्या भरात तिनं ते केलं जे त्या घरात कुणी सहज करत नसे. देव्हाऱ्यातल्या वाटीतला भंडारा चिमटीत उचलला आणि म्हणाली, "ह्या साली महाराष्ट्राच्या टीममधी नाव आलं न्हाई, तर पिस्तूल खाली ठेवीन. परत उचलणार न्हाई." आणि कपाळाला लावला.

भंडारा उचलला म्हणजे संपलं. प्रगतीचा चुलता ज्ञानू यानं एकदा भंडारा उचलून तंबाखू सोडली. पुढं दाढदुखीनं गडाबडा लोळला, लोक म्हणाले चिमूटभर धर दाढेखाली, पण त्यानं धरली नाही.  असं होईल हे बिरदेवच्या ध्यानीमनी नव्हतं, पण आता त्याच्याही हातात काही उरलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावची यात्रा आली. दर्शन करून प्रगती आणि मोनिका जत्रेतून फिरत होत्या. मोनिकानं भेळ घेतली होती. फुगे फोडायच्या गाड्यापाशी ती हटून बसली, की एवढी मोठी नेमबाज बरोबर असून फुगा फुटत नसेल तर काय उपयोग. प्रगतीच्या उजव्या हातात देवाचं ताट होतं, त्यात नारळ, भंडारा, प्रसाद. ताट जमिनीवर ठेवता येत नव्हतं. मोनिकाचे हात भेळीनं खरकटे, तिच्याकडं देता येत नव्हतं. डाव्या हातात देवाचं ताट धरायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हा प्रगतीनं ताट उजव्या हातात तसंच ठेवलं आणि गाड्यावरचं ते खिळखिळं पिस्तूल डाव्या हातात घेतलं.

एक फुगा फुटला. दुसरा फुटला. मग ओळच्या ओळ फुटत गेली. गाडेवाला भैया हात जोडून म्हणाला, "दीदी, बस करो, बच्चों के लिए भी रहने दो." मोनिका हसून हसून वाकली. प्रगती हसली नाही. पिस्तूल तकलादू होतं, त्याचा नेम वाकडा होता, तरी समोरची खूण तिच्या डोळ्यापुढं हलत नव्हती. दोन्ही डोळे उघडे होते आणि डोकं ठणकत नव्हतं. इतकी वर्षं पिस्तूल हातात घेतलं की ते तिच्याशी हुज्जत घालायचं. आज ते गप्प होतं. "अजून एक ओळ लाव," ती भैयाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं. सर आधी हसले, मग थांबले. त्यांनी तिला दोन्ही हात पुढं करून तळव्यांमध्ये बारीक भोक करायला लावलं आणि त्यातून शेडच्या टोकाचा दिवा बघायला सांगितला. मग एकेक डोळा मिटायला लावला. डावा मिटला की दिवा गायब, उजवा मिटला तर जागच्या जागी. ज्या डोळ्यावर सरांनी पहिल्या महिन्यात पट्टी मारली होती, तोच तिचा नेमाचा डोळा होता.

सर एका पालथ्या बादलीवर बसले. "परत्येक पोराला पयल्या दिवशी इचारतो मी, डावरा का उजवा," ते म्हणाले. "तुला इचारलं न्हाई. तू इतक्या सहजी उचललंस."

"मलाच कुठं ठाव व्हतं सर," प्रगती म्हणाली.

सर तसे खोटं बोलून धीर देणारे नव्हते. त्यांनी स्पष्ट सांगितलं. उजव्या हातानं खेळलीस तर या साली संघात यायची आशा आहे, थोडी का होईना. डाव्यानं खेळायचं म्हणजे बाराखडीपासून सुरुवात, आणि एका वर्षात बाराखडीवरून कुणी महाराष्ट्राच्या संघात गेल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. भंडाऱ्याचं त्यांना माहीत होतं. म्हणून तर ते काळजीत होते.

प्रगतीनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, खेळ सुटायचाच आसंल तर एकदा माज्या हातानं खेळून सुटू दे."

घरी सांगितलं तेव्हा बिरदेव जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "शस्त्र देवाचं आसतंय," तो म्हणाला. एवढंच बोलून त्यानं ताटाला नमस्कार केला आणि अर्ध्यावर उठला. कुशाबाई म्हणाली, "जाऊ दे, निवंल." सकाळी फर्स्ट शिफ्टला नेहमीसारखी मोटारसायकल दारात चालू होती. 

पहिले दिवस फार वाईट गेले. पिस्तुलाची लाकडी मूठ उजव्या हातासाठी घडवलेली असते, ती डाव्या हातात बसेना. सरांनी डाव्या हाताची मूठ मागवली आणि ती येईस्तोवर जुनीच कानशीनं घासून, लाकडाची पुट्टी थापून कामचलाऊ केली. दंड थरथरायचा. छर्रे काळ्या वर्तुळाबाहेर पांढऱ्यात जायचे. काल आलेली पोरं तिच्यापुढं निघाली आणि तिच्याकडं चोरून बघायला लागली. प्रगतीनं पाण्यानं भरलेला कॅन डाव्या हातात लांब धरून उभं राहायचा सराव केला. दात घासणं, कांदा कापणं, दुधाची किटली उचलणं सगळं डाव्यानं. जेवायची मात्र उजव्यानंच. आप्पाला आणखी दुखवायचं तिच्या जिवावर येत होतं.

एका संध्याकाळी ती कांदा कापत होती. विळीवर नाही, सुरीनं, डाव्या हातानं, भराभर. बिरदेव शिफ्टवरून येऊन दारात उभा राहिला. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मग गोठ्याकडं वळला. थोड्या वेळानं ती दुधाची किटली घेऊन गोठ्यामागं गेली तेव्हा तिला बापाचा आवाज ऐकू आला. तो कुशाबाईला सांगत होता, "मीच बांधला व्हता गं तिचा हात. पोर रडायची आन् मी गाठ आवळायचो." कुशाबाई म्हणाली, "सैल बांधायचात तुमी." तो म्हणाला, "बांधायचो तर खरा." प्रगती तिथूनच मागं फिरली. बापाचा तिला कधी राग आला नव्हता असं नाही, पण त्या संध्याकाळी तिला त्याची फार माया आली.

पावसाळ्यात आकडा वर यायला लागला. दिवाळीला तो उजव्या हाताच्या जुन्या आकड्याशेजारी येऊन बसला आणि नंतर तिथून हळूच पुढं सरकला. डोकेदुखी तर कधीच पळाली होती. सर रोज कागद काढून उजेडात धरायचे, पण मोठ्यानं काही बोलायचे नाहीत, दृष्ट लागेल म्हणून.

निवड चाचणी पुण्यात बालेवाडीला होती. बिरदेव रात्रपाळी करून तसाच आला, कंपनीच्या निळ्या शर्टात, गळ्यात उपरणं, डोळे तांबारलेले. रेंजवर तो सगळ्यात मागं खांबाला टेकून उभा राहिला. त्याला पडद्यावरचे आकडे कळत नव्हते, लडकत सर त्याच्या कानात सांगत होते. प्रगती शेवटच्या दहा छर्ऱ्यांपर्यंत संघात बसत होती. मग एक छर्रा गेला आठवर. का गेला ते तिलाही सांगता आलं नसतं. पुढचे सगळे तिनं चांगले मारले, तरी यादी लागली तेव्हा तिचं नाव दोन गुणांनी बाहेर राहिलं.

"प्रगती, आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा हाय हा तुझा," सर म्हणाले. "उजव्यानं कवा इथवर आली व्हतीस का तू?"

"भंडारा उचललाय सर." तिनं पिस्तूल पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीच्या कड्या लावल्या आणि पेटी सरांच्या हातात दिली.  

बापलेक मोटारसायकलवर निघाले. वाटेत चौफुल्याला चहा घेतला. प्रगतीला रडू येत नव्हतं. आत सगळं रिकामं झालं होतं, आणि न्हावऱ्याच्या त्या घराचं दार कसं असेल, असल्या फालतू गोष्टी डोक्यात येत होत्या.

गावात शिरताना बिरदेवनं घराकडं न वळता गाडी बिरोबाच्या देवळापाशी थांबवली. दिवस मावळायला आला होता. "हितंच थांब," म्हणाला आणि चपला काढून आत गेला. देवाला सांगायला गेला असेल, की लेकीनं शब्द पाळला, असं प्रगतीला वाटलं. पण तो लवकर येईना. दारातून तिला त्याची पाठ दिसत होती. तो हात जोडून उभा नव्हता. कंपनीत सुपरवायझरशी बोलावं तसा हातवारे करून खालच्या आवाजात देवाशी काहीतरी बोलत होता. मध्येच गप्प व्हायचा, मग पुन्हा सुरू.

शेवटी बाहेर आला. कपाळभर भंडारा माखलेला.

"त्या दिवशी भंडारा कंच्या हातानं उचललावतास?" त्यानं विचारलं.

"उजव्या."

"नक्की?"

"देव्हाऱ्यातलं मी डाव्यानं कसं उचलीन आप्पा?"

"मंग शब्द उजव्या हाताचा," बिरदेव म्हणाला. "त्यो पाळायचा. उजव्या हातात जल्मात पिस्तूल धरायचं न्हाई. कुनी लाख सांगितलं तरी न्हाई."

 तो चेष्टा करत असेल असं प्रगतीला वाटलं, पण देवाच्या दारात बिरदेवनं कधी चेष्टा केली नव्हती.

"आन् डाव्या?" तिनं विचारलं.

"त्यानं कुठं शब्द दिलाय?" बिरदेव म्हणाला. "त्याला मी बोलू दिलं कवा? लहानपनापास्नं गप ऱ्हायलाय बिचारा. उजव्याला सा वर्सं दिली आपुन. ह्याला आत्ता कुठं एक."

"देवाला पटलं का?"

"लगीच न्हाई पटलं." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "पटवून आलोय."

गाडीला किक मारताना तो आणखी म्हणाला, की न्हावऱ्याच्या पाहुण्यांना तो स्वतः जाऊन सांगेल. आणि पेटी लडकत सरांकडंच असेल तर उद्या लवकर उठायचं, त्याची फर्स्ट शिफ्ट आहे. प्रगती मागं बसली आणि घर येईस्तोवर त्याच्या पाठीला डोकं लावून रडली. बिरदेवनं गाडी मुद्दाम हळू चालवली.